मध्यंतरातले पाच चहा

मला बोलायला पंधरा मिनिटं मिळणार होती, आणि ती सगळी मी चहापायी घालवली. माझ्यासारखा शहाणा मीच.

खरं म्हणजे फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण दादा दर शनिवारी न चुकता स्टेडियमवर जातो, आणि त्याच्या घरी जाऊन त्याला गाठायची माझी छाती होत नव्हती. सात वर्षं आम्ही भाऊ एकमेकांशी बोललो नव्हतो. घरं समोरासमोर, मध्ये एक रस्ता, तोही धड रुंद नाही. सोफे आणि गाद्या शिवायचा आमचा दोघांचा कारखाना बंद झाला, तेव्हा दादानं मोठं शिलाई मशीन मला न विचारता दुसऱ्या कारागिराला देऊन टाकलं. झालं! माझं डोकं फिरलं. मी तणतणत बाहेर पडलो तो पडलोच. बरं, एवढ्यावर थांबलो असतो तर एक वेळ ठीक होतं. पण तीन वर्षांपूर्वी वहिनी वारली आणि मी तिला शेवटचं बघायलाही गेलो नाही. मशीनचा राग मी त्या बिचारीवर काढला.

तेवढंच मला दादाला सांगायचं होतं. चुकलं माझं, वहिनीच्या वेळी मी यायला हवं होतं. एवढं एक वाक्य माझ्या घशात तीन वर्षं अडकलं होतं. शेवटी पुतण्याला बाजारात गाठलं आणि त्याच्याजवळ मन मोकळं केलं.

तो म्हणाला, "काका, बाबांच्या शेजारची खुर्ची आईची. तिचा वर्षाचा पास बाबा अजून काढतात. तो मी तुम्हाला आणून देतो, तुम्ही जा त्या जागेवर. पण एक लक्षात ठेवा, खेळ चालू असताना बाबा कुणाशीही बोलत नाहीत. मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं. तेवढ्यात काय ते उरका."

शनिवारी मी गेलो. अठरावी रांग, सात नंबर. आठ नंबरवर दादा बसला होता, डोक्यावर संघाची हिरवी टोपी, गळ्यात हिरवा मफलर. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग सात नंबरवर ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाला, "बस."

सात वर्षांनी एक शब्द. पण शिट्टी वाजली, खेळ सुरू झाला, आणि दादा जो गप्प बसला तो पाऊण तास गप्पच. मैदानात बावीस माणसं कशाला पळत होती देव जाणे. मी आपला माझं वाक्य मनातल्या मनात घोकत होतो.

पुन्हा शिट्टी वाजली. मध्यंतर. दादा टोपी सारखी करून माझ्याकडे वळला, चांगला पूर्ण वळला, आणि माझी बोबडीच वळली.

"चहा आणतो," मी म्हणालो.

"इथे चहा आणणं सोपं नाही," दादा म्हणाला. "ते सगळं ती बघायची."

"चहाच आणायचा आहे ना? हा गेलो नि हा आलो."

पळपुटेपणा, दुसरं काय! पण मनाशी म्हटलं, हातात चहा असला की माणूस सैल होतो, बोलणं जमेल. जिना उतरताना रस्ता नीट लक्षात ठेवला. लोक म्हणे भिंतीवरची अक्षरं वाचतात. आम्ही जन्मभर शिवणकाम केलेली माणसं, आमची नजर आधी गादीवर जाते. जिन्याच्या तोंडाशी पहारेकऱ्याचं एक स्टूल होतं. लाल रेक्झिन, मधोमध फाटलेलं, त्यावर काळी चिकटपट्टी फुलीसारखी मारलेली. इतकं गचाळ काम दुसरीकडे असणं शक्य नाही. म्हटलं, झाली खूण.

खाली ही गर्दी! काउंटरमागे एक मुलगी उभी होती, तिच्या मागे चहाचं भलंमोठं भांडं वाफाळत होतं. मी धक्के खात पुढे गेलो.

"दोन चहा दे गं, बाळ."

"काका, ऑर्डर इथे घेत नाही. त्या खांबावरचा चौकोन फोननं स्कॅन करा."

"म्हणजे?"

"फोनवरून ऑर्डर द्या. नंबर येईल. तो पडद्यावर लागला की पलीकडच्या खिडकीतून घ्या."

"अगं, चहा तुझ्या पाठीशी, तू माझ्यासमोर, मी तुझ्यासमोर. आणि ऑर्डर खांबाला द्यायची?"

"हो, काका."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण खांबाशी किती भांडणार? भांडलो थोडा वेळ, मग फोन काढला. फोननं विचारलं, तुम्ही कुठल्या ब्लॉकमध्ये आहात? मला काय ठाऊक! त्यानं विचारलं, साखर किती? दुधाचा की बिनदुधाचा? सोबत बटाट्याचे चिप्स घेणार का? अरे बाबा, माझ्या लग्नात मला इतके प्रश्न विचारले नव्हते. चहापुढे अधिकचं चिन्ह होतं ते दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. आणखी दाबलं. मागे उभ्या असलेल्या बाईंना दया आली. त्यांनी फोन हातात घेतला, बोटानं दोन-तीनदा काहीतरी केलं आणि म्हणाल्या, "झालं हं. चारशे सतरा."

पडद्यावर तीनशे अठ्ठ्याऐंशी लागला. मग चारशे दोन. मग तीनशे एक्याण्णव. आकड्यांना काही शिस्त आहे की नाही? मी घड्याळ बघत होतो. दहा मिनिटं गेली, अकरा गेली. आजूबाजूला तरणी पोरं तोंडभर पाव कोंबून हसत होती आणि मी नुसता घामाघूम. चारशे सतरा लागला तेव्हा खिडकीतल्या माणसानं माझ्यापुढे पाच चहा ठेवले.

"पाच? मी दोन सांगितले."

"इथे पाच आहेत."

"आणि ही पाण्याची बाटली कुणाची?"

"तुमचीच." त्यानं बाटलीचं झाकण काढलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"अहो, झाकण!"

"झाकण देत नाही, काका. लोक भरलेली बाटली मैदानात फेकतात."

मी आयुष्यात कुणाला पाण्याचा पेला फेकून मारला नाही. पण हे त्याला कोण सांगणार? पुठ्ठ्याच्या ताटलीत पाच चहा, बगलेत बिनझाकणाची बाटली, सदऱ्याच्या बाहीतून गार पाणी ओघळतंय, असा मी निघालो. लाल स्टूल दिसलं. काळी फुली दिसली. हुश्श केलं, जिना चढलो, अठरावी रांग, सात नंबरची रिकामी खुर्ची. आठ नंबरवर हिरवी टोपी, हिरवा मफलर. मी बसलो आणि एक चहा त्याच्या हातात दिला. त्यानं घेतला.

आता बोललो नाही तर पुन्हा धीर होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तोंडाकडे बघून बोलणं जमेना, म्हणून मैदानाकडे बघत सुरुवात केली.

"दादा, मला बोलू दे. मधे बोलू नकोस. वहिनीच्या वेळी मी आलो नाही. नुसता रस्ता ओलांडायचा होता. मशीनचा राग धरून बसलो. तिनं कधी माझं काही वाईट केलं नव्हतं. उलट आमच्या पोरीच्या आजारपणात आठ दिवस तीच आमच्या घरी राहिली होती. आणि मी असा वागलो. चुकलं माझं, दादा. फार चुकलं."

मग शेजारून कुणीतरी घसा खाकरला.

"अहो, पण... कोण वहिनी?"

मी वळलो. झुपकेदार मिशा, जाड चष्मा. दादा नव्हताच तो!

"तुम्ही कोण?" मी ओरडलो.

"मी? मी माझ्या जागेवर बसलोय. तुम्ही कोण? मला वाटलं, माझ्या मुलानंच चहा पाठवला." बिचाऱ्यानं अर्धा पिऊन टाकला होता.

"ही अठरावी रांग ना?"

"अठरावीच. पण ब्लॉक कुठला हवाय तुम्हाला?"

मला काय माहीत! मला स्टूल माहीत होतं. मी डोक्याला हात लावून बसलो. मिशीवाल्या गृहस्थांना काय वाटलं कोण जाणे, ते हळू आवाजात म्हणाले, "फार आजारी होत्या का हो तुमच्या वहिनी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. वहिनी कशानं गेली, किती दिवस अंथरुणावर होती, शेवटी काय बोलली, यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. माझी बायको सांगायला आली होती, मीच तिला गप्प केलं होतं. म्हणालो होतो, त्या घरातलं मला काही ऐकायचं नाही.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. फार लाज वाटली.

"मग इथे काय बसलात?" ते म्हणाले. "उठा. जा तुमच्या भावाकडे."

दोन्ही संघ मैदानात उतरले होते. मी चार चहा सांभाळत खाली पळालो आणि स्टुलावर बसलेल्या पहारेकऱ्याला धरलं.

"अहो, हे स्टूल मघाशी इथेच होतं?"

"नाही. मघाशी मी पलीकडच्या जिन्यावर होतो. मध्यंतरात आमच्या जागा बदलतात. स्टूल माझं स्वतःचं आहे, मी बरोबर नेतो."

काय बोलणार यावर! एक चहा त्याच्याच हातात कोंबला आणि पलीकडचा जिना चढलो. अठरावी रांग. सात नंबर रिकामा. आठ नंबरही रिकामा.

नऊ नंबरवर एक बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते गेले. बराच वेळ जिन्याकडे बघत बसले होते. मग म्हणाले, गेला बहुतेक, आणि उठले. पिशवीही घेऊन गेले."

दादाला काय वाटलं असेल ते मला दिसत होतं. रागानं उठून निघून जाणारा माणूस मी. कारखान्यातून गेलो, आता चहाचं निमित्त काढून इथूनही गेलो. आता तो मला आयुष्यात पुन्हा बस म्हणणार नाही. ताटली त्या बाईंच्या मांडीवर ठेवली, बाटलीचं काय झालं आठवत नाही, आणि धावत सुटलो. कुठला जिना उतरलो, कुठल्या दारातून वळलो, काही कळत नव्हतं. सगळीकडे त्याच करड्या भिंती आणि तेच खांब. दोनदा तर मी पुरुषांच्या मुतारीत शिरलो.

तिसऱ्यांदा वळलो तो चहाच्या काउंटरपाशी आलो. गर्दी पांगली होती. काउंटरला टेकून दादा उभा होता, माझ्याकडे पाठ करून, आणि ती मुलगी कागद घेऊन काहीतरी लिहीत होती.

"धाकटे भाऊ हरवलेत का? वय किती?"

"एकसष्ट."

मुलीनं पेन थांबवलं. "आजोबा, मग फोन लावा ना त्यांना."

"त्याचा नंबर नाही माझ्याकडे."

"बरं. दिसायला कसे आहेत?"

"बुटका आहे. कपाळावर आठ्या. कुणाशी तरी भांडत असेल बघ."

"हां, ते होय! खांबाशी भांडत होते ते?"

"दादा," मी म्हणालो.

तो वळला. डोळे लाल झाले होते. "मला वाटलं, गेलास."

"नाही रे. स्टूल हललं."

"काय?"

"काही नाही. दादा, वहिनीच्या वेळी मी आलो नाही. चुकलं माझं." यावेळी मी त्याच्या तोंडाकडे बघून बोललो.

दादानं टोपी काढून हातात घेतली. वर लोक कशासाठी तरी ओरडत होते. मग तो म्हणाला, "दोन तास थांबवलं होतं मी तिला, तुझ्यासाठी. सगळे घाई करत होते. मी म्हणालो, धाकटा बाहेरगावी आहे, निघालाय तिथून, पोचेलच."

"मी बाहेरगावी नव्हतो. घरात होतो. पडदा ओढून बसलो होतो."

"माहीत आहे. तुझी स्कूटर दारातच उभी होती." दादानं नाक पुसलं. "सगळ्यांनाच दिसत होती. तरी मी आपला सांगत होतो, बाहेरगावी आहे म्हणून."

मी काउंटरवर डोकं टेकवलं आणि हुंदके देऊन रडलो, एवढा मोठा बाप्या असून. काउंटरवरची मुलगी बावरून कागदी रुमाल पुढे करत होती. मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर बोट टोचलं आणि म्हणालं, "ओ काका, तुमचं झालं असेल तर जरा बाजूला व्हा ना."

"थांबा जरा!" दादा त्याच्यावर खेकसला. "माझा भाऊ आहे हा."