व्हाइटनर लावलेले प्रगतिपुस्तक

मित्रांनो, मी एक जुने प्रगतिपुस्तक आहे. तामाकी ओबाता, इयत्ता तिसरी, जपानमधले मोरिओका शहर. मला पाहून आजवर कुणालाही आनंद झालेला नाही, आणि त्याची मला सवय आहे.

मला छापले छापखान्याने, पण बोलते केले वर्गशिक्षिका सुगिमोरीबाईंनी. अक्षर मोत्यासारखे, शेरे मिरचीसारखे. 'तामाकी मनाने चांगली आहे. सोमवारी दप्तराशिवाय शाळेत आली. गणिताच्या तासाला कावळे मोजते, तेही अर्धेच.' सुट्टी लागली त्या दिवशी तामाकी मला शाळेतल्या चपलांच्या कप्प्यातच विसरली. आई कडाडली, "डोकं धडाला चिकटलंय म्हणून, नाहीतर तेही कुठेतरी ठेवून आली असतीस!" मग मला बिस्किटांच्या डब्यात, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे जन्मापासून जपलेल्या तामाकीच्या वाळलेल्या नाळेशेजारी कोंडले. तेहतीस वर्षे! नाळ एक शब्द बोलत नसे.

तामाकी बेचाळीस वर्षांची झाली. तीन नोकऱ्या गेल्या, चौथी टांगणीला लागली. आमच्याकडे रक्तगटावरून स्वभाव सांगतात, म्हणून मैत्रीण म्हणाली, "तुझा रक्तगटच बी, तू तरी काय करणार!" फोनवरच्या चाचणीत एडीएचडी, म्हणजे जन्मजात लक्ष न टिकण्याची अडचण, निघाले, दुसऱ्या दिवशी त्याच चाचणीत निघाले नाही. शेवटी तिने मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर मुराईबाईंची वेळ घेतली. मंगळवारची होती, ती बुधवारी गेली, पण गेली.

"डॉक्टर, मला एवढंच सांगा, मी आळशी आहे की काय आहे?"

"एका भेटीत नाही सांगता येत. झोप, थायरॉइड, मनाची उदासी, सगळं तपासू. हे लहानपणापासून आहे का, तेही बघावं लागेल. शाळेचं प्रगतिपुस्तक आहे का? आणि आईंना घेऊन या."

माझे नशीब उघडले म्हणायचे! पण आईने डबा उघडला, मला वाचले आणि तिचा चेहरा उतरला. "परक्या डॉक्टरांपुढे लेकीची अब्रू घालवू होय?" असे पुटपुटत तिने व्हाइटनर काढला. उरले फक्त 'तामाकी मनाने चांगली आहे.' इतके गोरेपान मी कधीच नव्हते.

डॉक्टरांनी मला नखाने टोकरले. "आई, हे पांढरं काय आहे?"

"ती वाईट नाही हो," आई मान खाली घालून म्हणाली.

"वाईट कोण म्हणतंय? जे झाकलंत, तेच तर मला वाचायचं होतं."

आईने डोळे मिटले आणि म्हणू लागली. दप्तर, सोमवार, कावळे, तेही अर्धेच. एक शब्द चुकला नाही.

तामाकी बघतच राहिली. "आई, तुला पाठ आहे?"

"माझंच काहीतरी चुकलं, असं रोज वाटायचं गं."

सगळ्या तपासण्या झाल्यावर, तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी निदान सांगितले. एडीएचडीच होते. आळस नव्हता, आणि आईची चूकही नव्हती. दोघी रडल्या. मीही थोडे ओले झाले.

त्या आनंदात तामाकी मला दवाखान्याच्या बाकावर विसरली. जिन्यावर पावले वाजली, आई धापा टाकत परत आली. आता कडाडणार, म्हणून मी अंग चोरले. तिने मला उचलून छातीशी धरले आणि खाली हाक मारली, "थांब गं, राहिलं होतं, घेतलंय मी!"

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. वाईट शेरे पुसू नका, जाणत्या डॉक्टरांना वाचू द्या. आणि कुणी काही विसरले तर ओरडण्याआधी ते उचलून आणा.