कोपऱ्यावरचे देव

दयारामने कचरागाडी थांबवली, पण खाली उतरायचं नाव घेईना. कोपऱ्यावर देवांचा ढीग पडला होता: काच फुटलेल्या तसबिरी, रंग उडालेला गणपती, जुनी कॅलेंडरं, कुजलेले हार. "भगवान ल मैं कचरा म नइ डारंव," देवाला कचऱ्यात टाकणार नाही, असं म्हणून तो स्टिअरिंगमागे हात जोडून बसून राहिला.

गाडीवरची सफाई कामगार सत्यभामा खाली उभी होती. तात्यापारा वस्तीतली ही गल्ली इतकी चिंचोळी की गाडी आत जात नाही. लोक कचऱ्याच्या पिशव्या आणून कोपऱ्यावर, रमावहिनींच्या घराच्या भिंतीशी टाकायचे. वहिनींनी वैतागून भिंतीवर देवांच्या टाइल्स बसवल्या. अक्कल कामी आली, कचरा बंद झाला. पण देवाची जागा म्हटल्यावर लोक घरातले जुने झालेले देव तिथे आणून सोडू लागले. घरात नकोत, गाडीत टाकलं तर पाप, मग ठेवा वहिनींच्या भिंतीशी. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे देवाचीही तीच गत.

त्या दिवशी स्वच्छतेची पाहणी करणारं पथक येणार होतं. ठेकेदाराचा सुपरवायझर प्रफुल्ल मोबाइल घेऊन हजर होता. साफ कोपऱ्याचा फोटो गेला नाही तर त्याची मान अडकणार, आणि त्याची अडकली की आधी आपली कापली जाणार, हे सत्यभामाला सांगावं लागत नव्हतं. नवरा गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

एका तसबिरीला पाय लागेल म्हणून प्रफुल्ल मागे सरला आणि गोड आवाजात म्हणाला, "दीदी, आप उठा दो ना. आप लोग तो बुद्ध को मानते हो. आपको क्या पाप लगेगा?"

दारादारांतून लोक बघत होते. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मोठा पेच सुटल्यासारखे चेहरे झाले. जन्मभर ज्यांचा विटाळ मानला, त्यांचा धर्म आज बरा उपयोगी पडला. सत्यभामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण लेकीचं कॉलेज डोळ्यांपुढे आलं आणि ती वाकली.

तिने देव फेकले नाहीत. काचा वेगळ्या काढल्या, हार ओल्या कचऱ्याच्या कप्प्यात टाकले, तसबिरी गाडीत एकावर एक नीट रचल्या. ऊन चढलं. कुजक्या फुलांच्या वासाने डोकं गरगरलं, तसा तिने आधाराला भिंतीवर हात टेकला.

"टाइलले हात नको लावू, सत्यभामा," रमावहिनी ओट्यावरून म्हणाल्या. "रोज पूजा होते तिथं."

सत्यभामाने हात काढला नाही. "इतक्या वेळची याच हातानं तुमचे देव उचलून राहिली मी. तवा काहून नाही बोलल्या, वहिनी?"

"ते तर टाकायचेच होते न."

वहिनींनी हे अगदी समजावून सांगितलं. वाईट बाई नव्हत्या त्या. उन्हाळ्यात तिला पाणीही द्यायच्या, वरून ओतून, भांडं हाती न देता.

सत्यभामा गाडीवर चढली आणि रचलेल्या तसबिरी परत खाली घेऊ लागली. एकेक आणून तिने वहिनींच्या ओट्यावर दाराकडे तोंड करून उभी केली. शेवटी तो गणपतीही आणून ठेवला. प्रफुल्ल आधी विनवत होता, मग ओरडू लागला, मग म्हणाला उद्यापासून येऊ नका. वहिनी ओट्यावरून मागे सरत उंबऱ्यात अडकल्या होत्या. बाहेर यायचं तर देव ओलांडावे लागले असते, आणि उचलायला गल्लीतलं कुणी पुढे येत नव्हतं.

"तुमचे देव हायेत, वहिनी," सत्यभामा म्हणाली. "पुजा नाही तं टाका. पण आता तुमच्या हातानं."

तिने अंगातलं कामाचं नारिंगी जाकीट काढलं, घडी घातली आणि दयारामच्या शेजारी सीटवर ठेवलं. त्याने मान वर केली नाही.

घरी जायला ती गोल बाजारातून निघाली. पुढे कसं निभवायचं ते सुचत नव्हतं, राग मात्र अजून गेला नव्हता. जाकीट असलं की याच गर्दीत लोक अंग चोरून बाजूला व्हायचे, तिला वाट आपसूक मोकळी मिळायची. आज भांड्यांच्या दुकानांपुढे कुणी सरकलं नाही. खांद्याला खांदे लागले, एका बाईची पिशवी गुडघ्यावर आपटली, मागून कुणीतरी रेटलं, आणि ती त्या रेट्यातच चालत राहिली.