संपदाताईंच्या पाठीतली गाठ

मी एक जुनी गाठ आहे. हसू नका, मित्रांनो! आज जयपूरच्या एका रुग्णालयात काचेच्या बरणीत मी मानाने बसले आहे. पण माझा जन्म संपदाताईंच्या पाठीत, उजव्या खांद्याच्या हाडाजवळ झाला.

तान्ह्या बाळांच्या अंगात ऊब देणारी तपकिरी चरबी असते. मोठेपणी ती बरीचशी नाहीशी होते. संपदाताईंच्या पाठीत मात्र तिचीच मी गाठ झाले. मऊ होते, मुळीच दुखत नव्हते. हळूहळू वाढत लिंबाएवढी झाले, मग संत्र्याएवढी.

त्यांचे यजमान कौस्तुभराव बँकेत आहेत, त्यामुळे सारख्या बदल्या. "आता सामान बांधायचंय, पुढच्या गावी दाखवू," असं म्हणत त्यांनी मला नागपूरहून इंदूरला आणि इंदूरहून जयपूरला आणलं. मालवीय नगरात बिऱ्हाड लागलं, तोवर संपदाताईंना ब्लाउज पाठीत घट्ट व्हायला लागले होते. तेव्हा कुठे तपासणी झाली.

एमआरआयमध्ये मी थेट चरबीच्या कॅन्सरसारखी दिसले. संपदाताईंचा धीरच सुटला. सातवीतली मैत्रेयी आईजवळून हलेना. माझ्यामुळे त्या घरातलं हसणं थांबलं, याचं मला फार वाईट वाटलं.

पण डॉक्टर सोनल यांना मी मनापासून मानलं! जयपुरातच वाढलेल्या या बाईंनी जराही घाई केली नाही. सुईने काढलेला माझा तुकडा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चरबीच्या बारीक थेंबांनी भरलेल्या दाणेदार पेशी, आणि मधोमध इवलंसं केंद्रक. त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं, दुसऱ्या तज्ज्ञांनाही दाखवलं. मग म्हणाल्या, "संपदाजी, कॅन्सर नाही आहे. हायबर्नोमा आहे. मतलब, साधी गाठ, पण फार कमी लोकांना होते. पूर्ण काढली की परत येत नाही."

"नक्की ना?"

"नक्की. काढल्यावर पूरी गाठ मी स्वतः परत बघणार."

"पहिल्याच गावी दाखवायला हवं होतं," कौस्तुभराव हळूच म्हणाले.

मला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या पुष्कळ. शल्यचिकित्सकांनी एकेक जपून बांधून मला अख्खी बाहेर काढली. सोनलबाईंनी शब्द पाळला, माझ्या चकत्या करून सगळ्या तपासल्या. निदान तेच निघालं. संपदाताई लेकीला मिठी मारून रडल्या.

उरलेल्या चकत्या जुळवून मला या बरणीत ठेवलं, आणि आता शिकाऊ डॉक्टर मला कौतुकाने पाहतात. पण मित्रांनो, गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका, ती लगेच डॉक्टरांना दाखवा. मी साधी निघाले, हे संपदाताईंचं नशीब. इतकी वर्षं त्यांच्या अंगात राहूनही मी चांगली की वाईट, हे माझं मलासुद्धा ठाऊक नव्हतं.