पहिली मूठ

कात्रजच्या हिंदुरावाला दिवसातून तीन वेळा मुलाला शिव्या घातल्याशिवाय अन्न पचत नसे. त्यासाठी मुलानं घरी असायला हवं, अशी अट नव्हती. दसऱ्याला बहिरू फौजेबरोबर दक्षिणेत निघून गेला, की म्हातारा त्याच्या नावानं बैलांना, उंबऱ्याला आणि गळक्या छपराला ऐकवायचा.

"छपरावर दोन पेंढ्या टाकाय जमलं न्हाई, आन मुलूख सर कराय निघालाय!"

सरुबाई चुलीपासून म्हणायची, "हळू बोला. फौज अजून लई लांब गेली नसंल."

मग सून शकू पदराआड हसायची. एकूण घर सुखी होतं.

पेशवाईतल्या लढायासुद्धा पेरणी बघून होत. दसऱ्याला भाले घेऊन गेलेली माणसं मृगाच्या आधी औत धरायला परत येत. त्या ज्येष्ठातही गावातली बाकीची माणसं आली. बहिरू तेवढा आला नाही. मागच्या तळावर राहिला असेल, म्हणाली. ती वेगळ्या पथकातली होती, त्यांना तरी काय ठाऊक!

हिंदुराव बैलगाडीत गवताचे भारे घेऊन पुण्याला गेला. शुक्रवार पेठेत एका पागोटेवाल्या गृहस्थानं भारा दोन बोटांनी उचकून विचारलं, "गवत विकताय, की घराचं छप्पर उतरवून आणलंत?" हिंदुराव तोडीस तोड बोलणार, तेवढ्यात समोर गुलजार दिसला. बहिरूच्याच पथकातला, त्याच्याच राहुटीतला, पुण्याचा पोरगा. त्यानं हिंदुरावाला बाजूला नेलं.

बहिरू गेला होता. लढाईत नव्हे, लढाईच्या आठ दिवस आधी. नदीकाठच्या तळावर, हगवणीनं.

"वैद्य न्हवता?"

"होता काका. पुढच्या तळावर."

हिंदुराव बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आमच्या घरी यीऊ नगंस. पेरणी हूं दे."

त्याचंही कारण होतं. पेरणीच्या पाभरीवर चाडं असतं, लाकडी वाटीसारखं. पुरुषानं बैल हाकायचे आणि बाईनं मागून चालत त्यात मूठमूठ बी सोडायचं. पहिली मूठ सवाष्णीची. विधवेनं त्या दिवशी शेताच्या बांधावरही उभं राहायचं नाही, अशी गावाची शिस्त. शकू एकोणीस वर्षांची होती. चाडं धरताना ती बांगड्या मागं सारायची आणि बैलांशी गप्पा मारायची. तेवढी एक पेरणी तिची तिला मिळावी, असं म्हाताऱ्याला वाटलं.

पेरणी झाली. पण मग पंचमी आली. पंचमीला का कुणी असलं सांगतं? मग बाजरी काढायची होती. दिवाळीत तिचा भाऊ न्यायला आला. माहेरी तरी हसत जाऊ दे. संक्रांतीला तिनं शेजारणींना वाण दिलं. शिमग्याला सगळं गाव बोंब मारत होतं, तेव्हा हिंदुराव गोठ्यात जाऊन बसला. वर्षभरात एकही महिना सोयीचा निघाला नाही.

पुन्हा मृग आला. जमिनीला वाफसा आला, तशी त्यानं पाभर जुंपली. शकू बियाण्याची ओटी बांधून शेतात आली, पण चाड्याजवळ थांबली आणि मागून कमरेत वाकत येणाऱ्या सासूला म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही धरा."

"तिला चालवत न्हाई," हिंदुराव म्हणाला. "पहिली मूठ सवाष्णीनं टाकायची असती. धर."

"म्हनूनच म्हनती, मामंजी."

बैलानं शेपटी झाडली.

"आखितीला बाजारात गुलजारभाऊ भेटलं," शकू खाली बघत म्हणाली. "बोललं काय न्हाई. माझ्या कपाळाकडं बघितलं आन रडाय लागलं."

हिंदुरावानं घाबरून बायकोकडं पाहिलं. ती ढेकूळ पायानं फोडत उभी होती.

"मला काय बघताय?" सरुबाई म्हणाली. "गेल्या ज्येष्ठापासनं पोराला एक शिवी दिली न्हाईत तुम्ही. मला कळायचं ऱ्हातंय व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही सांगताल म्हनून."

तिघांनी वर्षभर एकमेकांना सांभाळलं होतं आणि त्यापायी कुणालाच रडता आलं नव्हतं.

सरुबाईनं शकूच्या ओटीतून बाजरीची मूठ घेतली, चाड्यात सोडली, दहा पावलं कशीबशी चालली आणि कमरेवर हात ठेवून थांबली.

"पहिली मूठ झाली माझी. आता बाकीचं रान तू पेर."

"गाव काय म्हनंल?"

"गाव आपलं रान पेरतंय. तू हिकडं बघ."

शकूनं पेरलं. बैलांशी एक शब्द बोलली नाही. शेवटची ओळ संपल्यावर ती ओढ्यावर गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता, मग दगडावर बांगड्यांचा. आली तेव्हा कपाळ ओलं होतं, आणि नुसतंच.

हिंदुरावानं पाभर सोडली. आभाळ भरून येत होतं आणि छपरावर यंदाही पेंढ्या पडल्या नव्हत्या. तिकडं बघून तो वर्षात पहिल्यांदा ओरडला, "त्या भाड्याला म्हनलं हुतं, आधी छप्पर—"

पुढची शिवी त्याला येईना. सरुबाई वाट बघत उभी राहिली.