घासलेली परात

सासूबाईंनी घासलेल्या भांड्यात तोंड बघून घ्यावं, अशी त्यांची ख्याती होती. त्यामुळे भाजीबाजाराचे व्यवस्थापक सुनेचं यंत्र बघायला येणार म्हटल्यावर त्यांचे हात शिवशिवले नसते तरच नवल! सकाळी सून पाण्याची नळी जोडायला गेली, तेवढ्यात त्यांनी यंत्राची परात लख्ख घासली आणि वर कापड पांघरलं.

परात म्हणजे चांगली दोन माणसं ऐसपैस बसतील एवढी, तिरकी, गरगर फिरणारी. सुनेने ती स्वतः वेल्डिंग करून शेडमध्ये उभी केली होती. बाजारातली सडकी भाजी कुजवायची, वाळवायची, दळायची. ती पूड परातीत पडायची, वरून पाण्याचा बारीक फवारा, आणि बघता बघता खताचे टपोरे दाणे काठावरून ओसंडायचे. सासूबाई हे रोज बघत आणि रोज नव्याने थक्क होत. सुनेचं कौतुक सांगून सांगून त्यांनी नवऱ्याचे कान किटवले होते. सुनेसमोर मात्र चकार शब्द नाही. सासूपणाची थोडी तरी लाज राखायला हवी ना!

आज दाणे पसंत पडले तर बाजारातली सगळी भाजी इथे येणार होती. नाही तर ती उकिरड्यावर आणि यंत्र भंगारात.

व्यवस्थापक आले. सुनेचं सगळं लक्ष पाहुण्यांकडे. तिने कापड ओढलं, पूड सोडली, तळ झाकला गेला. परात फिरली, फवारा उडाला, पण पूड नुसतीच खाली घसरत राहिली. एक दाणा होईल तर शपथ! पाणी वाढवलं तर चिखल झाला. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. व्यवस्थापक घड्याळाकडे बघू लागले.

"कालपर्यंत छान होत होते हो," ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकलं असणार. मोटर उघडून बघते."

सासूबाईंना सकाळची घासाघीस आठवली. मोटर उघडली की दिवस गेला, आणि हे गृहस्थ काही थांबायचे नाहीत. गप्प बसलं असतं तर कुणाला कळणारही नव्हतं. पण पोर स्वतःलाच दोष देत होती, ते त्यांना बघवेना.

"मोटर नको उघडूस गं. मी सकाळी परात घासलीय. तळाला चिकटलेलं सगळं खरवडून काढलं."

 सून कपाळावर हात मारून हसली. "अहो आई, तो थरच तर हवा! गुळगुळीत पत्र्यावरून पूड घसरते. खरखरीत थरावर ती गडगडते, आणि गडगडली की दाणा धरते. चला, आता तुम्हीच थापा."

सासूबाईंनी ओलं खत घेतलं आणि तळाला थापायला लागल्या. कोपरापर्यंत हात बरबटले. परात पुन्हा फिरली, पूड गडगडली, आणि बारीक, मग मोठे, मग टपोरे दाणे काठावरून शेजारच्या तापलेल्या, फिरत्या पिंपात पडू लागले. त्यातून वाळून निघालेला एक दाणा व्यवस्थापकांनी चिमटीत दाबला. फुटेना.

"उद्यापासून गाड्या इकडेच पाठवतो," ते म्हणाले.

"माझ्या सुनेने केलंय हे, एकटीने!" सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. सुनेचे डोळे भरून आले.

निघताना व्यवस्थापक मिश्कील हसत म्हणाले, "यंत्र झकास आहे. ती परात तेवढी घासत जा अधूनमधून."

"हात तर लावून बघा कुणी!" सासूबाई कडाडल्या.