डुफीच्या अहवालातली ओळ

डुफीचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं. दोन्ही स्तन काढायचे. आई कॅन्सरनं गेलेली, त्यात डुफीच्या जनुकातला एक बदल ‘घातक’ आहे असा अहवाल आमच्या घानातल्या कुमासी शहरातल्या प्रयोगशाळेनं दिलेला. खाली सही माझी.

बुधवारी दुपारी नव्या नियमाप्रमाणे मी जुन्या निष्कर्षांचे पुरावे पडताळत होते. त्या बदलाची परदेशी डेटाबेसमधली नोंद उघडली. चौदा वर्षांपूर्वी कुण्या एका प्रयोगशाळेनं केलेली नोंद, पुराव्याचा रकाना कोरा. घाईघाईनं आमच्याकडचे निरोगी म्हाताऱ्यांचे नमुने चाळले. सत्तरी ओलांडलेल्या चारशे बायकांपैकी एकोणीस जणींत तोच बदल, आणि सगळ्या ठणठणीत.

मी सर्जन अम्पोफोंना फोन लावला. “डॉक्टर, उद्याचं थांबवा.”

“गेल्या महिन्यात घातक म्हणालात, आज नाही म्हणता? उद्या ती पोरगी कॅन्सरनं गेली तर धरायचं कुणाला?”

तीच भीती मलाही होती. “मला धरा,” म्हटलं.

दोघा सहकाऱ्यांना, माझं मत न सांगता, तोच बदल तपासायला लावला. संध्याकाळी दोघंही म्हणाले, निरुपद्रवी. तसं डॉक्टरांना लेखी पाठवलं.

सकाळी डुफी कपड्यांची पिशवी घेऊन थेट माझ्याकडे आली.

“म्हणजे काहीच कापायचं नाही?”

“नाही. पण आईला कॅन्सर होता, तेव्हा दरवर्षी तपासणी चुकवायची नाही.”

ती हसली, आणि एकदम थांबली. “मॅडम, मग आमची फ्रेमाताई? तिचं ऑपरेशन तर फेब्रुवारीतच झालं.”

फाईल काढली. तोच बदल, ‘घातक’ म्हणणारी तीच ओळ. सही माझीच.

आम्ही ट्रोट्रोनं, खच्चून भरलेल्या मिनीबसनं, फ्रेमाच्या शिवणाच्या दुकानात गेलो. तिनं स्टूल पुढे केलं, पाणी दिलं, मग रीतीप्रमाणे विचारलं, “घरी सगळं बरं ना? काय काम काढलंत?”

मी सांगितलं. बोलताना तिच्याकडे बघवेना. तिनं मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

“अशा अजून किती जणी?”

“माहीत नाही. बघायची हिंमत झाली नाही.”

“मग इथं काय बसलात? उठा, बघा जा!”

आणखी चौघी निघाल्या. तिघींना मी ऑपरेशनआधी गाठलं.