शेजारची जागा

सर गाडीतून उतरले, दार दोन्ही हातांनी हलकेच लावलं आणि शेजारच्या रिकाम्या जागेच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. मागून येणारी बाईंची जुनी पांढरी गाडी वळणावर दिसली तसा त्यांनी हात वर केला आणि बोटांच्या खुणा सुरू झाल्या. सरळ. थोडी अलीकडे. चाकं सरळ कर. अजून एक वीत. बस. बाईंनी इंजिन बंद केलं. मग सर दोन गाड्यांच्या मधल्या फटीत आडवे शिरले, अंतर पाहून बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली. तेव्हा कुठे बाई पर्स उचलून ग्रंथालयाकडे चालू लागल्या.

कार्यशाळेत लेथ शिकवणारे हे सर आणि ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाई, हे नवराबायको. राहायचे एका घरात, निघायचे एका वेळी, पोचायचेही एका वेळी, फक्त यायचे दोन गाड्यांतून. याचं कारण म्हणजे सरांची गाडी. दोनच माणसांची, बुटकी, गडद हिरवी स्पोर्ट्स कार. एका भंगारवाल्याच्या आवारात तिचा नुसता सांगाडा पडला होता. तो सरांनी घरी आणला आणि नऊ वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या खर्ची घालून ती उभी केली. जे बोल्ट कुठे मिळेनात ते स्वतः लेथवर कातून काढले. रंगाचे सात हात दिले. एवढं झाल्यावर ती घरी झाकून ठेवायची होती, पण सरांना ती चालवायचीही होती आणि खरं सांगायचं तर चारचौघांनी पाहायलाही हवी होती.

आता अशी गाडी कॉलेजच्या आवारात लावायची म्हणजे जिवाला घोर. तिथे दोन हजार मुलं, त्यांच्या दोन हजार दप्तरांची बक्कलं, शिवाय मोटरसायकलींची हँडलं आणि तासाला उशीर झाल्यावर दाण्‌कन उघडणारी दारं. सरांनी पहिला महिनाभर आवाराचा अभ्यास केला आणि कोपऱ्यातली जागा हेरली. तिच्या एका बाजूला भिंत होती, आणि भिंत काही आपण होऊन कुणाच्या अंगावर येत नाही. उरली दुसरी बाजू. तिथे बाईंची गाडी. बाई पलीकडच्या दाराने उतरत. हिरव्या गाडीच्या बाजूचं दार उघडायचं नाही, असा नियम होता आणि तो सात वर्षांत मोडला नव्हता. बाहेरच्या अंगाला मात्र पांढऱ्या गाडीला इतके पोचे पडले होते की बाईंनी ते मोजणं सोडून दिलं होतं.

मुलांनी पांढऱ्या गाडीचं नाव ‘अंगरक्षक’ ठेवलं होतं. स्टाफरूममध्ये थट्टा चाले की सवतीच्या रखवालीला जाणारी बायको या एकट्या कॉलेजात पाहायला मिळते. बाईही हसत. रस्त्यावरही तोच प्रकार. सर पुढे आणि बाई बरोबर त्यांच्या मागे, म्हणजे सिग्नलला कुणी उतावळा मागून येऊन टेकायला नको. घर ते कॉलेज पंचवीस मिनिटं. सरांना आरशात बाईंच्या गाडीचे दोन दिवे दिसत राहत आणि त्यांना निर्धास्त वाटे.

मग नव्या प्रयोगशाळेची इमारत निघाली. अर्ध्या पार्किंगला पत्रे ठोकले गेले आणि सूचना लागली की पुढच्या महिन्यापासून एका कुटुंबाला एकच स्टिकर, आणि स्टिकर नसलेली गाडी फाटकाच्या आत येणार नाही.

सर त्याच दिवशी कार्यालयात गेले. अधीक्षक भला माणूस होता. त्याने अर्ज पुढे सरकवला आणि सांगितलं की दुसऱ्या गाडीची गरज का आहे ते लिहून द्या, मी वर पाठवतो.

“तुम्ही दोघं एकाच घरातून येता,” तो म्हणाला. “एकाच वेळी. मग दुसरी गाडी कशासाठी, एवढंच लिहा.”

सरांनी पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं आणि अर्ज घडी करून खिशात घातला.

पुढचे आठ दिवस ते बेचैन होते. गणिताच्या प्राध्यापकांची गाडी नवीकोरी, माणूसही जपून वागणारा. सरांनी त्यांना शेजारी लावण्याची विनंती केली. ते म्हणाले की तुमच्या शेजारी गाडी लावायची म्हणजे रोज परीक्षेला बसायचं, ते मला या वयात झेपणार नाही. मग सरांनी एका अंगाला रबराचा पडदा टांगायचं ठरवलं, पण वाऱ्याने तोच घासून रंग घालवेल हे त्यांच्या लक्षात आलं. कार्यशाळेतले रस्त्यावर ठेवायचे शंकू मांडायला रखवालदार तयार नव्हता. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सर गाडीजवळ बराच वेळ बसले. मग त्यांनी मनाचा हिय्या केला आणि डाव्या आसनावरचं प्लास्टिक काढलं. गाडी तयार झाली तेव्हापासून ते तसंच होतं. बायकोपेक्षा गाडी मोठी नाही, ओरखडा पडला तर पडला, असं त्यांनी स्वतःला बजावलं. आपण फार मोठी गोष्ट करतो आहोत असं त्यांना वाटलं आणि ते आनंदानेच स्वयंपाकघरात आले.

बाई कप विसळत होत्या. सरांनी सांगितलं की पहिल्या तारखेपासून तू माझ्या गाडीत, माझ्या शेजारी. स्टिकर हिरव्या गाडीला घेऊ. बाजूला कुणी का लावेना.

बाईंनी कप पालथा घातला, दुसरा घेतला.

“प्लास्टिकसुद्धा काढलंय,” सर म्हणाले.

“तुम्ही घ्या स्टिकर,” बाई म्हणाल्या. “मी बसने येत जाईन.”

सरांना वाटलं, ती रागावली आहे. सात वर्षांचं सगळं आता निघणार. त्यांनी घाईघाईने कबूल केलं की हे आधीच सुचायला हवं होतं, चुकलंच.

“राग नाही हो.” बाईंनी हात पुसले आणि त्या खुर्चीवर बसल्या. “तुमची गाडी येण्याआधी आपण माझ्या गाडीतून यायचो. मी चालवायची आणि तुम्ही शेजारी. आठवतं?”

“आठवतं की.”

“गिअर बदल. डावीकडे घे. एवढ्यात ब्रेक नको. पंचवीस मिनिटं. गाडी मला तुमच्या आधीपासून येते. पण कॉलेजात उतरले की वाटायचं, दिवस इथेच संपला.”

सरांचं बोट टेबलावरच्या एका चरीवरून मागे-पुढे फिरत होतं.

“तुम्ही म्हणालात दोन गाड्या न्याव्या लागतील,” बाई पुढे म्हणाल्या, “तेव्हा मला फार बरं वाटलं. घरी आले की घर, तिथे गेले की पोरं. तेवढीच काय ती पंचवीस मिनिटं.”

“मला वाटायचं, तू माझ्यासाठी करतेस.”

“तुमच्यासाठीही करत होते. खोटं कशाला बोलू.”

एवढं बोलून बाई उठल्या आणि त्यांनी उरलेले कप धुतले. आवाजात कुठे टोचणी नव्हती, आणि सरांना तेच जास्त लागलं. भांडण झालं असतं तर ते भांडले असते. ते परत गाडीजवळ गेले, पण आत बसले नाहीत. आपल्या शेजारी बसण्यापेक्षा कुणाला बसमध्ये उभं राहणं परवडतं, ही गोष्ट त्यांना काही केल्या गिळता येईना.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत मुलांना दाखवताना त्यांच्या हातून माप चुकलं. पंचवीस मिलिमीटरचा दांडा तेवीसवर आला. एका मुलीने ते व्हर्नियरवर मोजून दाखवलं आणि सर म्हणाले, बरोबर आहे तुझं, हा गेला. दांडा भंगाराच्या पेटीत टाकून ते तसेच तेलकट हातांनी कार्यालयात गेले.

अधीक्षकाने स्टिकरची वही उघडली आणि स्वतःहूनच हिरव्या गाडीचा नंबर लिहायला घेतला. तो साऱ्या कॉलेजाला पाठ होता.

“तो नाही,” सर म्हणाले. “पांढऱ्या गाडीचा लिहा.”

अधीक्षकाने मान वर केली. “आणि हिरवी?”

“ती घरी राहील.”

घरी त्यांनी बाईंना सांगितलं की बसने मीच जाईन, ती थेट आहे, निम्मी कार्यशाळा तिनेच येते, उलट वर्तमानपत्र वाचून होईल. बाई स्टिकरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या की असं कशाला, माझ्यासोबत या. सरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बाई मनापासून म्हणत होत्या, आणि मनापासून म्हणायला त्यांना कष्ट पडत होते, हे एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सरांना दिसलं.

“पावसापाण्याचं येईन कधीतरी,” ते म्हणाले.

पहिल्या तारखेला सर पंधरा मिनिटं आधी निघाले. बस उशिरा होती. थांब्यावर दहा-बारा माणसं आणि पुढ्यातच सिग्नल. तांबडा दिवा लागला, गाड्या येऊन थांबल्या आणि तिसरी गाडी पांढरी होती.

काचा बंद होत्या. आत बाई गात होत्या. गुणगुणणं नव्हे, चांगलं तोंड उघडून, मान वर करून, एका हाताने स्टीअरिंगवर ठेका धरून. एके ठिकाणी चुकल्या असाव्यात, कारण त्या हसल्या आणि तीच ओळ त्यांनी पुन्हा घेतली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात सरांनी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. आताही ऐकू काहीच येत नव्हतं. गेली सात वर्षं हेच आपल्या मागून येत होतं आणि आपण आरशात नुसते दिवे बघत होतो, हे त्यांच्या मनात आलं. ते बघतच राहिले.

बाईंनी मान थांब्याच्या बाजूला वळवायला आणि सर शेजारच्या उंच माणसाच्या पाठीमागे सरकायला एकच गाठ पडली.

त्या माणसाने वळून पाहिलं. “ओळखीचं आहे का कोणी?”

“हो,” सर म्हणाले. “पण आत्ता नको.”